ताक आणि टाक

'ताक' आणि 'टाक' यांतला फरक माझ्या टीममधल्या अमेरिकन मंडळींना दहादा म्हणून दाखवला तरी कळत नाही. उच्चार जमणं सोडाच, कानालाच दोन्ही सारखे! आमच्या सात महिन्यांच्या कन्येला मात्र तो बहुधा छान ऐकू येतो. यात आमचं कर्तृत्व शून्य. तिच्या वयाच्या अमेरिकन बाळांनाही येतो!

जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली कॅनडातल्या इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले त आणि ट ऐकवले होते. आवाज बदलला की बाळाने मान वळवायची, मग बक्षीस म्हणून खेळणं दिसणार. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेकांनी फरक ओळखला, दहा ते बारा महिन्यांच्या फार थोड्यांनी. हिंदी घरांतल्या बाळांना मात्र वर्षाच्या आसपासही अडचण आली नाही.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर जे फंक्शन कुणी कॉल करत नाही, ते कंपायलर काढून टाकतो. इथे अगदीच पुसलं जात नाही, मोठेपणी मेहनतीने शिकता येतं. पण मग ती मेहनत आली.

तर आता आमच्यापुढचा पेच. सोमवारपासून डेकेअर, म्हणजे दिवसभर इंग्रजी. आणि पुढच्या महिन्यात आईबाबा पुण्याला परत. "अरे, मी रोज व्हिडिओवर गोष्टी सांगेन की तिला," इति आई.

इथे पॅट्रिशिया कूल यांचा २००३ सालचा प्रयोग आडवा येतो. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी चिनी बोलणारी माणसं बारा वेळा येऊन खेळली, तर बाळं चिनी ध्वनी ओळखू लागली. तीच माणसं, तेच बोलणं टीव्हीवर दाखवलं, तर पाटी कोरी. आता व्हिडिओ कॉल म्हणजे काही टीव्ही नव्हे, आजी समोरून उत्तर देते. दोन-अडीच वर्षांची मुलं अशा कॉलवरून नवे शब्द शिकतात, असं २०१४ साली दिसलंही आहे. पण आमची बाई सात महिन्यांची!

आईला हे सगळं सांगितलं नाही. कॉल रोज होणारच. आजी नुसती ध्वनी शिकवायला थोडीच असते?

बाकीचं आमच्याकडे. अंघोळ, भरवणं, झोपवणं मराठीत, आणि नवराबायकोचं भांडणसुद्धा. संध्याकाळी साडेपाचनंतरच्या मीटिंगा मी नाकारायला लागलोय. मॅनेजरने कारण विचारलं, तर खरं तेच सांगितलं: मुलीशी गप्पा मारायच्या आहेत, आणि तिच्याकडे वेळ कमी आहे.