तिथीची पाऊणपट

हिवाळ्यात पक्षी बघायचे तर पहाटे उठायला हवं, असं आपण धरूनच चालतो. बोरिवलीच्या जंगलात ते खरं आहे. मुलुंड-भांडुपच्या खाडीवर नाही. इथल्या चिखलावरचे पाहुणे सूर्य बघून उठत नाहीत की झोपत नाहीत. ओहोटी लागली की चरायचं, भरती आली की थांबायचं. मग ती भर दुपार असो नाहीतर मध्यरात्र. म्हणून घड्याळाला गजर लावण्याआधी मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी बघते.

हा हिशेब मला खाडीवरच्या एका नाखवाने शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. द्वादशीला नऊ, अष्टमीला सहा, पुनवेला सव्वाअकरा. पुनव किंवा अवस उलटली की पुन्हा प्रतिपदेपासून मोजायला लागायचं. भरती दिवसातून दोनदा येते आणि दोन्ही वेळा साधारण त्याच आकड्याला, त्यामुळे एकच गुणाकार पुरतो. छापील कोष्टकाशी ताडून पाहिलं तर थोडा फरक निघतो, आणि समुद्राचं पाणी खाडीत इतक्या आत चढेपर्यंत आणखी वेळ जातो. पण घरून कधी निघायचं हे ठरवायला एवढा हिशेब भरपूर झाला. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाण्याला जोर नसतो. ‘ताई, आज भांग हाय, पानी बांधाला लागनार नाय,’ एवढं नाखवाने सांगितलं की त्या दिवशी पक्षी लांब चिखलातच राहणार हे समजून घ्यायचं. मी सकाळसाठी एकादशी ते चतुर्दशीचे दिवस निवडते. तेव्हा ऊन तापायच्या आत पाणी चढत येतं आणि पक्षी आपल्या दिशेने ढकलत आणतं.

जागा कोणती, तर पूर्व द्रुतगती मार्ग सोडून महापालिकेच्या मलनिस्सारण केंद्राकडे, खाडीच्या दिशेने जाणारा रस्ता. पक्षी बघणारे सगळे त्याला ‘बीपीएस’ म्हणतात, म्हणजे भांडुप पंपिंग स्टेशन. दोन्ही बाजूंना तिवरांची दाटी, मध्येच उघडी खाजणं आणि डबकी, डोक्यावरून उच्चदाबाच्या तारा. वास येतो, तो नाकारण्यात अर्थ नाही. डिसेंबरात तारांवर माळभिंगऱ्या आणि वेडे राघू रांगेने बसलेले असतात. डबक्यांत थापट्या आणि चक्रांग बदकं, कडेच्या उथळ पाण्यात गुलाबी काटकुळ्या पायांचे शेकाटे, आणि तिवरांच्या आतून कुठूनतरी खंड्याची हाक. रस्ता संपतो तिथे खाडी उघडते. समोर ऐरोली, उत्तरेला मुलुंड-ऐरोली पूल, आणि ओहोटी असेल तर पार मध्यापर्यंत नुसता चिखल. या चिखलावर जे करडे, मातकट, एकसारखे ठिपके हलत असतात, त्यांच्यासाठी मी येते.

बहुतेक लोक येतात रोहित पक्ष्यांसाठी, आणि ते साहजिक आहे. १९९०च्या दशकात शिवडीच्या चिखलावर हे गुलाबी थवे दिसायला लागले, आणि आता ठाणे खाडीत ते एक लाखाच्या वर मोजले गेले आहेत. छोट्या रोहितांचं वाकडी चोच उलटी धरून पाण्यातलं शेवाळ गाळून घेणं बघण्यासारखंच असतं. पण रोहित दाखवायला कुणी लागत नाही, ते स्वतःच दिसतात. चिखलातल्या करड्या पक्ष्यांना बघायला शिकावं लागतं, आणि ते शिकणं हाच या छंदातला माझा खरा आनंद आहे.

अडचण अशी की हिवाळ्यात यांच्या अंगावर रंग नसतो. रंग आणि मोठ्या खुणा विणीच्या दिवसांसाठी राखलेल्या असतात, आणि वीण होते लांब, आर्क्टिकच्या टुंड्रापासून तिबेटच्या पठारापर्यंत. आपल्याकडे येतात तेव्हा सगळे पाठीवर राखी, पोटावर पांढरे. पुस्तक उघडून पिसांचे रंग जुळवायला बसलं की हातात काही लागत नाही. ओळख पटते ती चणीवरून आणि त्याहून जास्त चालीवरून.

चिखल्या बघा. आखूड चोच, गोल डोकं आणि त्या मानाने मोठे डोळे. हा डोळ्यांनी शिकार करतो. चार पावलं भर्रकन पळतो, जागच्या जागी थांबतो, बघतो, एकदाच वाकून काहीतरी टिपतो, पुन्हा पळतो. त्याच्याच शेजारी त्याच्याहून लहान असा छोटा टिलवा असतो, वजन जेमतेम वीस-तीस ग्रॅम. तो थांबतच नाही. मान खाली घालून, पुढे सरकत, घाईघाईने टाके घालत जावं तशी त्याची चोच चिखलात खालीवर होत राहते. त्याचं काम स्पर्शावर चालतं. पाणटिवळा तर आणखी वेगळा. उंच पाय, लांब सरळ चोच, आणि तो ती चोच पार डोळ्यांपर्यंत चिखलात खुपसतो. चोचीचं टोक संवेदनशील असतं, आणि बाकीची चोच मिटलेली ठेवून नुसतं टोक चिखलाच्या आत उघडता येतं. त्यामुळे वरून न दिसणारा किडा तो खालच्या खाली पकडतो. तिघे एकाच चिखलावर चरतात आणि एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत. ही तीन माणसं, तीन स्वभाव, एकदा डोळ्यांत बसले की दुर्बीण लावायच्या आधीच कोण कोण आलंय ते समजतं.

पाणी चढायला लागलं की आणखी एक खूण मिळते, ती कुठल्या पुस्तकात मी वाचलेली नाही. पक्षी चिखल सोडतात ते पायांच्या उंचीप्रमाणे. आखूड पायांचे टिलवे आणि चिखल्या आधी मागे सरकतात, पाण्याच्या कडेकडेने, चोच चालू ठेवूनच. मग तुतारी. मग लाल पायांचे टिलवे. पाणटिवळे पोटापर्यंत पाणी आलं तरी तिथेच उभे असतात, आणि वाकड्या चोचीचा कुरल सर्वांत शेवटी उठतो. स्कोप असला तर बरं, पण भरतीच्या वेळी बांधाशी गप्प उभं राहिलं तर साध्या आठ बाय बेचाळीसच्या दुर्बिणीवर काम भागतं. पाणीच पक्षी जवळ आणून देतं. आपण फक्त त्यांच्या वाटेत उभं राहायचं नाही, आणि कपडे मातकट घालायचे.

या सगळ्यात अधूनमधून दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी येतो. पंख किंचित वर धरून, तिवरांच्या शेंड्यांवरून खालून खालून तरंगत. तो दिसायच्या आत लाल पायांचा टिलवा ओरडतो, आणि सगळा चिखल एकदम उठतो. नवख्या माणसाला वाटतं, गेले पक्षी, आता काय बघायचं. खरं तर पिसांतल्या लपलेल्या खुणा हीच वेळ उघड करते. पाणटिवळ्याच्या पंखावर रुंद पांढरा पट्टा आणि शेपटी काळी. लाल पायांच्या टिलव्याच्या पंखांची मागची कड पांढरीशुभ्र. चिखल्याच्या पंखावर पांढरी बारीक रेघ. थवा वळला की एका क्षणात पांढरा, दुसऱ्या क्षणात मातीत मिसळलेला. मोजायचंही याच वेळी. आधी दहा पक्षी नीट मोजायचे, दहांची जागा थव्यात केवढी होते ते डोळ्याने धरायचं, आणि तेवढे तुकडे करत पुढे जायचं. सवयीने हा अंदाज बराच जवळ येतो.

मार्चमध्ये याच पक्ष्यांवर रंग चढू लागतो. चिखल्याच्या छातीवर तांबूस पट्टा उमटतो, पाणटिवळ्याची मान विटकरी होते. हिवाळाभर ज्यांना चालीवरून ओळखलं त्यांचे चेहरे असे हळूहळू स्पष्ट होताना बघणं मला फार आवडतं. एप्रिल सरता सरता बहुतेक सगळे निघून जातात. काही पहिल्याच वर्षाचे पक्षी मात्र जात नाहीत. त्यांची वीण अजून लांब असते, ते उन्हाळाही इथेच काढतात.

एकाच जागी वर्षानुवर्षं जाण्याची ही रीत मुंबईत नवी नाही. सालिम अली आणि हुमायून अब्दुलअली यांनी १९३६ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मुंबई आणि साष्टीच्या पक्ष्यांची यादी क्रमशः छापली. सोसायटी त्याच्याही आधीची, १८८३ची. आज आपण ज्याला उपनगरं म्हणतो तो भाग त्या साष्टीतच येतो. तेव्हा कोणता पक्षी इथे होता, किती सहज दिसायचा, हे आज आपण सांगू शकतो ते या माणसांनी साध्या, नेहमीच्या पक्ष्यांचीही नोंद ठेवली म्हणून. दुर्मीळ पक्षी दिसला की सगळेच लिहितात. टिलव्याची नोंद कुणी करत नाही, आणि तो कमी झाला तर कळायला मार्ग राहत नाही.

आता मला जे मनापासून सांगायचं आहे त्याकडे येते. या पक्ष्यांना एक जागा पुरत नाही, दोन लागतात. ओहोटीला चरायला चिखल, आणि भरतीला टेकायला कोरडी, उघडी जागा. उघडी अशासाठी की शिकारी दुरून दिसला पाहिजे. तिवरांच्या आत छोटा टिलवा बसत नाही. भरती आली की पक्षी चिखलावरून उठतात आणि मिठागरांकडे वळतात. तिथले बांध, मिठाच्या खणांचा कोरडा तळ, कुठे घोटाभर पाणी. तिथे एका पायावर उभे राहून, चोच पाठीच्या पिसांत खुपसून ते पाणी उतरायची वाट बघतात. हजारो मैल उडून आलेल्या आणि मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा उडायच्या पाखरासाठी ही विश्रांती म्हणजे चैन नव्हे. दर भरतीला उठून लांब जावं लागलं तर दिवसभर चरून कमावलेली चरबी उडण्यातच खर्च होते.

चिखलाला संरक्षण मिळालं, ही चांगली गोष्ट झाली. ऑगस्ट २०१५ मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, सुमारे १,६९० हेक्टर. त्यात ८९६ हेक्टर खारफुटी आणि ७९४ हेक्टर पाण्याखालचा भाग. २०२२ मध्ये खाडीचा साडेसहा हजार हेक्टरांचा परिसर रामसर यादीत गेला. पण अभयारण्याचे हे आकडे पुन्हा बघा. खारफुटी आहे, पाणी आहे. भरतीला टेकायचं मिठागर त्यात नाही.

२०२४ मध्ये कांजूर, भांडुप आणि मुलुंडची मिळून सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावी पुनर्वसनातल्या भाडेघरांसाठी द्यायचा निर्णय झाला. द्रुतगती मार्गामुळे या जमिनींपर्यंत आता समुद्राचं पाणी पोचत नाही, तिथे मीठही पिकत नाही, असं त्याचं समर्थन केलं गेलं. धारावीतल्या माणसाला घर मिळायलाच हवं, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण पाणी पोचत नाही म्हणून जागा निरुपयोगी, हे मला मान्य नाही. भरतीच्या वेळी पक्षी नेमकी अशीच जागा शोधत असतात, जिथे पाणी पोचत नाही.

आणि आपण दिवसा जे बघतो ते अर्धंच असतं. पावसाळ्यात दिवसाची भरती मोठी असते, हिवाळ्यात रात्रीची. म्हणजे पक्षी सर्वांत जास्त संख्येने इथे असतात त्या महिन्यांत सर्वांत उंच पाणी मध्यरात्री चढतं, बांधावर कुणी नसताना. रात्रीच्या भरतीत हे पक्षी कुठे जातात, कुठल्या खणात उतरतात, याचा विचार जमिनीचे नकाशे आखताना झालेला मला दिसत नाही. २० मे २०२४च्या रात्री घाटकोपर पूर्वेला, पंतनगरच्या परिसरात, उतरणाऱ्या विमानाला रोहितांचा थवा धडकला आणि पस्तीसहून अधिक पक्षी मेले. बातमी वाचली तेव्हा मी आधी तिथी पाहिली. वैशाख शुद्ध द्वादशी. पाऊणपट केली तर भरती रात्री नऊची, आणि अपघातही त्याच सुमाराचा. खाडीत पाणी चढत होतं आणि थवा टेकायला जागा शोधत निघाला होता, असा माझा अंदाज आहे. हा अंदाजच आहे, पण त्या पक्ष्यांना दर भरतीला ज्या वेळी उठावं लागतं ती ही वेळ होती, एवढं नक्की.

म्हणून अलीकडे माझ्या वहीतल्या नोंदींचे रकाने वाढले आहेत. पूर्वी पक्ष्याचं नाव आणि संख्या असायची. आता त्यापुढे तिथी, भरतीला किती वेळ होता, पक्षी चरत होता की टेकला होता, आणि टेकला असेल तर कुठे: रस्त्याकडून कितवा खण, तळ ओला की कोरडा, बांध मोकळा की झुडपं वाढलेला. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. १९८७ पासून ती चालू आहे आणि तिची बरीच मोजणी साध्या हौशी माणसांनी केलेली असते. त्या आकड्यांसोबत या नोंदीही जायला हव्यात. मुलुंड पूर्वेच्या मिठागर रोडवर राहणाऱ्या ज्या दोघी-तिघी अलीकडे माझ्याबरोबर येतात, त्यांना मी पक्ष्यांची नावं शिकवायच्या आधी हे रकाने आखून देते. ‘छोटे टिलवे, सुमारे चारशे, भरतीआधी एक तास, तिसरा खण, तळ कोरडा.’ त्या खणात काही बसत नाही असं कुणी म्हणालं, तर त्याच्यापुढे ठेवायला तारखेसकट ही ओळ आमच्याकडे असली पाहिजे, आणि ती एका नव्हे, अनेक हिवाळ्यांची असली पाहिजे.