एम-वन आणि एम-टू

इंजिनिअरिंगच्या पोराला "एम-टू" म्हटलं की पोटात गोळा येतो. आमच्या होस्टेलमध्ये मात्र मागच्या सेमिस्टरला कोणी "एम-टू कुठाय बे?" असं ओरडलं, की उत्तर यायचं, "मेसच्या मागं झोपलाय." आणि एम-वन? तोही तिथंच. टू असेल तिथं वन असायचाच.

ही गोष्ट त्या दोघांची आहे. थोडीशी माझीपण.

२०२५ चा ऑगस्ट. पोळा तोंडावर आला होता. आपल्या गेटवर नेहमी बसणारी पांढरी-तपकिरी कुत्री तुम्हाला आठवत असेल. ती वर्कशॉपच्या मागे सेंट्रिंगच्या फळ्यांखाली व्याली होती. एका रात्री बाहेरच्या रस्त्यावर तिला गाडीनं उडवलं. पिल्लं पाच होती. दोन पावसात गेली, एक मेसच्या मावशींच्या भाच्यानं नेलं. उरली दोन. ती दोन एका खोक्यात घालून मी रूमवर आणली, कारण माझ्या रूममधला एक पलंग तेव्हा रिकामा होता.

तो पलंग का रिकामा होता, ते आधी सांगतो. मी आणि माझा दोस्त आर्वी तालुक्यातल्या एकाच गावचे. पहिलीपासून एका बाकावर. कॉलेज एक, ब्रँच एक, रूम एक. सिनिअर आम्हाला "राम-लखन" म्हणायचे. मी एकटा दिसलो की पहिला प्रश्न, "दुसरा कुठाय?" आमची कामाची वाटणी ठरलेली होती. बोलायचं त्यानं, लिहायचं मी. ऑफिसमध्ये फॉर्म भरायला, मेसमध्ये भांडायला, मॅडमकडून सही आणायला तो पुढं. जर्नल, असाइनमेंट, ड्रॉइंगच्या शीट्स माझ्याकडे. त्यात दोघांनाही काही चुकीचं वाटलं नाही. फर्स्ट इयरचा निकाल लागला आणि दोस्त एम-टू सकट बऱ्याच विषयांत उडाला. इयर डाऊन. तो गावी गेला, मी थर्ड सेमला. आठवडाभर मी मेसमध्ये कोपऱ्यातल्या टेबलावर एकटा जेवलो, कारण दुसऱ्या टेबलावर जाऊन "बसू का?" असं विचारायची मला सवयच नव्हती.

अशा वेळी ही दोन पिल्लं आली. नावं सगळ्या मजल्यानं मिळून ठेवली. जरा मोठा, पण भित्रा, तो एम-वन. लहान, पण आगाऊ, तो एम-टू. "एम-थ्री नको रे बाबा," असं म्हणून सगळे हसले. दोस्ताला फोनवर नाव सांगितलं तेव्हा तो दोन सेकंद गप्प बसला. मग म्हणाला, "घाल मीठ जखमेवर."

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दात बघून सांगितलं, महिन्याची असतील. आम्ही मेसचं गाईचं दूध नुसतंच पाजत होतो आणि दोघांना जुलाब लागले होते. डॉक्टर म्हणाले, आता मऊ भात कालवून द्या, दही चालेल, पाणी भरपूर ठेवा. जंताचं औषध दिलं. सहा आठवड्यांनंतर पहिलं इंजेक्शन, तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, आणि तीन महिने झाले की रेबीजचं. पार्व्होनं पिल्लं दोन दिवसांत जातात, म्हणून इंजेक्शनं पुरी होईपर्यंत बाहेरच्या कुत्र्यांत सोडू नका, हेही बजावलं. वर्गणी काढली. अभ्यासाच्या पुस्तकासाठी दहा रुपये न देणारी पोरं पन्नास-पन्नास देऊन गेली!

एकाला दोन असली म्हणजे किती सोपं, असं आम्हाला वाटायचं. आपण लेक्चरला गेलो तरी ती रडत नाहीत. एकमेकांचे कान चावतात, दमतात, एकावर एक पडून झोपतात. पण महिनाभरात काहीतरी वेगळं दिसायला लागलं. हाक मारली की दोघं आधी एकमेकांकडे बघायचे. टू निघाला तर वन निघायचा. टू बसला तर वन पण बसला. नाव तर एकालाही कळत नव्हतं. "एम-वन" म्हटलं तरी दोघं यायचे, "एम-टू" म्हटलं तरी दोघं, आणि खूपदा कोणीच नाही. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी त्याला मास्टर-स्लेव्ह फ्लिप-फ्लॉप म्हणून टाकलं. दुसरं इंजेक्शन द्यायला एकेकाला आत नेलं, तर बाहेरच्यानं असा आकांत केला की दवाखान्यातल्या म्हशी बिथरल्या.

मग सप्टेंबरच्या शेवटी रविवारी मटणाचं हाड पडलं आणि एका अंगावर झोपणारे हे दोन भाऊ एकमेकांच्या मानेला लागले. सोडवायला गेलेल्या फर्स्ट इयरच्या पोराच्या बोटात दात घुसला. इथं एक गोष्ट मुद्दाम लिहितो, कारण तेव्हा आमच्यापैकी तिघांनी हळद आणि एकानं मिरची सुचवली होती. जखम साबणानं, वाहत्या नळाखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि सरळ दवाखाना गाठायचा. पिल्लू आहे, घरचं आहे, असला हिशेब करायचा नाही. रेबीज एकदा झाला की त्यातून माणूस वाचत नाही असंच धरून चालायचं, आणि वेळेवर घेतलेली इंजेक्शनं तो होऊ देत नाहीत. त्या पोरानं सगळी इंजेक्शनं घेतली. रेक्टर सरांनी आम्हाला बोलावून जे ऐकवलं ते इथं छापता येणार नाही.

त्या रात्री मी गेटवर चौकीदार काकांजवळ बसलो होतो. काका कारंजा (घाडगे) तालुक्यातले. त्यांच्या घरी पूर्वी गवळाऊ बैलांची जोडी होती. आपल्या जिल्ह्याची ही पांढरी, उंच, चपळ जात. मी तक्रार केली, की एवढं खाऊ-पिऊ घालून ही दोघं आपली ऐकत नाहीत.

काका म्हणाले, "बाबू, ते तुमचे नाईतच. ते एकमेकाचे हायेत. तुम्ही फक्त वाढपी."

मग त्यांनी बैलांचं सांगितलं. गोऱ्हा जुवाला लावताना रोज एकाच बाजूला, एकाच जोडीदाराबरोबर लावला की तो छान चालतो. पण जोडीदार मेला किंवा विकला की हाच बैल दुसऱ्याबरोबर पाऊल टाकत नाही. "आमचा एक अस्साच उभा राह्यला व्हता, भर डवरणीत. जोडीत चालाले समदेच चालते. एकट्यानं चालाले शिकवा लागते. जोडी मोडाची नाई, सवय मोडाची."

दुसऱ्या दिवशी लायब्ररीतल्या नेटवर शोधलं. काकांना ठाऊक होतं त्याला तिकडे इंग्रजीत नावपण आहे, "लिटरमेट सिंड्रोम". एका वेतातली दोन पिल्लं एकत्र वाढवली तर ती माणसापेक्षा एकमेकांत जास्त गुंततात, एक दबतो, वेगळं केलं की घाबरतात आणि पुढे भांडतातही, असं कुत्र्यांना शिकवणारे अनुभवानं सांगतात. हा काही पुस्तकात नोंदलेला रोग नाही, आणि नीट वाढवलेल्या कितीतरी जोड्या सुखानं राहतातही. पण एक गोष्ट पक्क्या संशोधनातली आहे. अमेरिकेत स्कॉट आणि फुलर या दोघांनी अनेक वर्षं पिल्लांवर काम करून १९६५ साली पुस्तक काढलं. त्यांच्या मते, साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू ज्यांच्या संगतीत राहतं, त्यांनाच ते आपलं मानायला शिकतं. आमच्या हातात एक-दोन आठवडेच उरले होते.

मग टाइमटेबल केलं. चक्क ग्राफ पेपरवर, नोटीस बोर्डाशेजारी. वन झोपणार वरच्या मजल्याच्या जिन्याखाली, टू चौकीदार काकांच्या खोलीजवळ. ताटल्या दोन, जागा दोन. सकाळी एकाला एक पोरगा फिरवणार, दुसऱ्याला दुसरा, वेगवेगळ्या दिशेनं. पंधरा मिनिटं फक्त त्याचं नाव, आला की पोळीचा तुकडा. संध्याकाळी तासभर दोघं एकत्र, मैदानावर, मनसोक्त.

आम्हा सगळ्यांचा अंदाज होता की भित्रा एम-वन रडून मरेल. झालं उलटंच. वन पहिल्या रात्री थोडा कुरकुरला आणि माझ्या चपलेवर डोकं ठेवून झोपला. रडला तो टू! शेर समजत होतो तो रात्रभर गेटशी उभा राहून विव्हळला. तेव्हा कळलं, की वन जसा टूच्या मागं लपत होता, तसा टूसुद्धा मागं वन आहे म्हणूनच पुढं जात होता. मागं कोणी नाही म्हटल्यावर त्याला साधं पाण्याच्या भांड्यापर्यंत जायची भीती वाटत होती.

मी ते रात्री दोस्ताला फोनवर सांगितलं. हसत हसतच. तो हसला नाही. बऱ्याच वेळानं म्हणाला, "मी पण पुस्तक उघडत नाही बे. तू बाजूला बसला असला की वाटायचं, अभ्यास चालू आहे. आता कळून राह्यलं, तो तुझा चालू होता."

मला काय बोलावं सुचेना. कारण माझंपण तेच होतं. एवढी वर्षं मला वाटत होतं की मी कमी बोलणारा आहे. खरं म्हणजे मला बोलायची वेळच आली नव्हती. त्याच्या शीट्स मी काढून दिल्या ते मैत्रीत दिल्या, आणि त्याच शीट्सनी त्याचं वर्ष घेतलं. माझ्या बाजूनं तो बोलला तेही मैत्रीतच. दोष द्यायला कोणी सापडत नाही, हीच यातली मोठी अडचण आहे.

तेव्हापासून मी त्याला नोट्स पाठवणं बंद केलं. वाईट वाटलं. तो अडला की फोन करायचा, मी सांगायचो, पण गणित त्यानंच सोडवायचं. इकडे मी सकाळी वनला घेऊन फिरायला लागलो. कुत्रं बरोबर असलं की लोक आपणहून बोलतात. "कोणता रे हा, वन का टू?" इथून सुरू झालेल्या बोलण्यातून मला मेसमध्ये बसायला टेबल मिळालं. त्या सेमिस्टरची पहिली व्हायवा मी दारातून आत ढकलायला कोणी नसताना दिली. पाय लटपटले, पण दिली.

दिवाळीआधी रेबीजचं इंजेक्शन झालं. टू आता गेटवर एकटा बसायचा. वन हाकेला यायचा. सगळं जमलं असं वाटत असताना नोव्हेंबर आला. ७ नोव्हेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा आदेश निघाला, की शाळा-कॉलेजं, दवाखाने, बसस्टँड, रेल्वे स्टेशन अशा ठिकाणांहून भटकी कुत्री हलवून, नसबंदी आणि लसीकरण करून निवाऱ्यात ठेवायची, पुन्हा तिथं सोडायची नाहीत. काही दिवसांत आपल्या बोर्डावर नोटीस लागली. होस्टेलमध्ये दोन तट पडले. मी अर्थातच चिडणाऱ्यांत होतो. पण ज्याच्या बोटात दात घुसला होता त्या पोरानं रेक्टर सरांसमोर शांतपणे विचारलं, "माझ्याजागी एखादं लहान पोरगं असतं तर?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

सर म्हणाले, घर मिळालं तर निवाऱ्यात पाठवायची गरज नाही. आठ दिवस आम्ही विचारत फिरलो. दोन्ही एकत्र घ्यायला कोणी तयार होईना. सप्टेंबरमध्ये ही वेळ आली असती तर आम्ही मेलोच असतो, कारण तेव्हा यांना एकेकटं देणं म्हणजे दोघांनाही मारणं होतं. आता तसं नव्हतं. एम-वन आपल्या लॅब असिस्टंट सरांकडे गेला. त्यांच्या लहान मुलीच्या मागं तो शाळेच्या ऑटोपर्यंत जातो. एम-टूला न्यायला माझा दोस्त स्वतः आला. त्याच्या वाडीत संत्र्याची झाडं आहेत आणि रात्री रानडुकरं येतात. सहा महिने झाले की दोघांची नसबंदी करायची, असा कागदच आम्ही दोन्ही घरांकडून लिहून घेतला.

निघायच्या दिवशी संध्याकाळी दोघांना मैदानावर सोडलं. नेहमीसारखे लोळले, चावले, दमले. मग दोस्तानं "एम-टू" अशी हाक मारली. टू उठला आणि गेला. वननं मान वर करून बघितलं, आणि पुन्हा माझ्या पायाशी डोकं ठेवलं. काका म्हणाले, "जमलं." मी तोंड फिरवलं.

हिवाळी परीक्षेचा निकाल लागला त्या दिवशी दुपारी दोस्ताचा फोन आला. तो नुसता ओरडत होता, "सुटला बे, एम-टू सुटला!"

माझ्या काळजात धस्स झालं. म्हटलं, "साखळी तोडून गेला का? कोणत्या बाजूला गेला? रस्त्यावर तर नाही ना?"

पलीकडे एक क्षण शांतता. मग तो इतका हसला, की मागून कुत्रं भुंकायला लागलं.

"तो हाय इथंच, झाडाखाली," दोस्त म्हणाला. "पेपर सुटला लेका. एकट्यानं काढला."

– द्वितीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स