रद्दीत गेलेले रजिस्टर

दिवाळी तोंडावर आली की आमच्या केरीत घरोघरी माळे रिकामे होतात. तांब्याची भांडी चिंचेने घासली जातात, जुन्या ट्रंका अंगणात येतात आणि त्यांतले कागद रद्दीवाल्याच्या तराजूत पडतात. पूर्वी या दृश्याकडे माझे लक्षही जात नसे. आता मात्र तो तराजू दिसला की पोटात कालवते. त्याचे कारण सांगण्यासाठीच हे लिहायला बसलो आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. तेरेखोलहून आलेल्या फेरीबोटीतून एक वृद्ध गृहस्थ उतरले आणि माझा पत्ता विचारीत शाळेत आले. वय पंचाहत्तरीच्या पुढचे, अंगात साधा सदरा, डोक्यावर छोटी गोल टोपी. मला वाटले, कोणी परदेशी पर्यटक असावा. तोच ते म्हणाले, "मास्तर, जरा बसू का? उन्हाने जीव कासावीस झालाय बघा." हे अस्सल कोकणातले मराठी ऐकून मी खुर्चीतून उठलोच.

गृहस्थ बेने इस्रायली होते. तरुणपणी आईवडिलांबरोबर मुंबई सोडून इस्रायलला गेलेले. त्यांचे आजोबा दक्षिण कोकणात सरकारी दवाखान्यात नोकरीला होते, आणि आई तिथल्याच एका शाळेत शिकली होती. शाळेचे नाव त्यांनी सांगितले आणि मी चपापलो. केरीला येण्याआधी, उमेदीची काही वर्षे मी त्याच शाळेत शिक्षक होतो. तिथल्या कारकुनाने त्यांना माझ्याकडे धाडले होते.

बेने इस्रायल म्हणजे आपल्या कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. पूर्वज नौगावच्या किनाऱ्याजवळ फुटलेल्या गलबतातून वाचले, सात पुरुष आणि सात स्त्रिया, अशी त्यांची परंपरा सांगते. ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. आडनावे तर थेट आपल्यासारखी. केहीमचे केहीमकर, दिव्याचे दिवेकर, रोह्याचे रोहेकर. केरीचे जसे केरकर! शुभकार्यात ते मलिदा करतात, त्यात पोहे, गूळ आणि ओले खोबरे असते. हे ऐकून मी म्हटले, "म्हणजे आमचे नरकचतुर्दशीचे फोव!" पाहुणे मनापासून हसले.

मी विचारले, अशा विखुरलेल्या समाजाचा इतिहास शोधायचा तरी कुठे? त्यांनी बोटे मोजीत सांगितले. मुंबईत १७९६ साली सॅम्युएल दिवेकरांनी पहिले सिनेगॉग बांधले. अशा प्रार्थनागृहांतल्या विवाहनोंदी हे पहिले साधन. नौगावच्या दफनभूमीतले दगड हे दुसरे. अनेकजण कंपनीच्या आणि पुढे सरकारच्या फौजेत होते, म्हणून लष्करी दप्तर तिसरे. चौथे म्हणजे छापील मराठी मजकूर. वल्हांडण सणाची पोथी मराठी भाषांतरासह १८४६ साली मुंबईत छापली गेली होती. यहुदी कथांवरची मराठी कीर्तनेही झाली, आणि इस्रायलमध्ये गेल्यावरही 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक निघाले. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी १८९७ साली लिहून ठेवलेला समाजाचा इतिहास छापून आला तो १९३७ साली, तेल अवीवला. चाळीस वर्षे कुणीतरी ते बाड जपले, म्हणून ते आज आहे.

"आणि पाचवे साधन, मास्तर," ते म्हणाले, "तुमच्या शाळांची रजिस्टरे."

मी एम. ए.ला इतिहास घेतलेला माणूस. गोव्यातल्या यहुद्यांविषयी मी वाचले होते. इन्क्विझिशन इथे १५६० साली आले ते मुळात ख्रिस्ती झालेल्या यहुद्यांवर डोळा ठेवून. मधली काही वर्षे सोडली तर ते १८१२ पर्यंत चालले. १५६३ साली गोव्यात औषधी वनस्पतींवर ग्रंथ छापणारा वैद्य गार्सिया द ओर्ता हा त्याच कुळीचा. तो १५६८ साली वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कतरिनाला, जिवंत जाळले आणि १५८० साली त्याची हाडे उकरून जाळली. पणजीतल्या बागेला आज त्याचे नाव आहे. त्याच्या घराण्याचे यहुदीपण जगाला कळले ते छळणाऱ्यांच्याच कागदांतून. न्यायासनाने खटल्यांची बहुतेक दप्तरे नंतर नष्ट झाली. १६२३ साली केलेली खटल्यांची एक मोठी यादी लिस्बनला उरली. आपल्या प्रियोळच्या अ. का. प्रियोळकरांनी विखुरलेल्या साधनांतून हा इतिहास जुळवून १९६१ साली इंग्रजीत ग्रंथ लिहिला. गोव्याचे दप्तरखाने १५९५ साली स्थापन झाले, दियोगु द कोउतु त्याचा पहिला रक्षक, हे मी दरवर्षी मुलांना अभिमानाने सांगतो.

इतके सगळे ठाऊक असलेल्या मी काय केले होते?

त्या शाळेत असताना एका पावसाळ्यात स्टेजखालची खोली गळली. जुन्या रजिस्टरांना वाळवी लागली होती. दिवाळीच्या सुटीआधी खोली साफ करण्याचे काम माझ्याकडे आले. जनरल रजिस्टर कायम जपायचे असते हे मला माहीत होते. पण पाने एकमेकांना चिकटलेली, शाई पसरलेली, आणि मला संध्याकाळची एस.टी. गाठायची होती. इतक्या जुन्या मुलांचा दाखला मागायला आता कोण येणार, असे म्हणून मी स्वातंत्र्यापूर्वीचा तो सगळा गठ्ठा प्रवेश-अर्जांसकट रद्दीत दिला. आलेल्या पैशांत शिक्षकखोलीत चहा झाला. मीही प्यालो.

पाहुण्यांना जन्मतारीख नको होती, वारसाहक्क नको होता. "आईच्या प्रवेश-अर्जावर आजोबांची सही असेल," ते म्हणाले. "त्यांच्या हातचं एक अक्षरसुद्धा आमच्याकडे नाही. आणि धर्माच्या रकान्यात त्यांनी काय लिहिलं ते बघायचं होतं. यहुदी, इस्रायल की शनवार तेली? ते स्वतःला काय म्हणवत होते, मास्तर?"

वाळवीचे नाव पुढे करता आले असते. जिभेवर आलेही होते. पण इतक्या लांबून आलेल्या माणसाशी खोटे बोलवेना. सगळे सांगून टाकले. ते बराच वेळ खिडकीतून नदीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. आता शोधायचं थांबतो." त्या शब्दांत राग नव्हता. असता तर मला बरे वाटले असते.

त्यांना धक्क्यापर्यंत पोचवले. फेरीबोट सुटताना त्यांनी हात हलवला. पुन्हा ते आले नाहीत.

त्या आठवड्यातच मी आमच्या शाळेची जुनी रजिस्टरे बाहेर काढली. मुलांना हाताशी घेऊन एकेक पान पुसले, सावलीत वाळवले, कडुलिंबाचा पाला घालून सुती कापडात बांधले. आता ती लोखंडी कपाटात आहेत. एका मुलीला त्यात तिच्या पणजोबांचे नाव सापडले. ती ते मोठ्याने तीनदा वाचत होती. मी तिथून बाहेर पडलो.

वाचकहो, आपण सीमेवरची माणसे. आपल्या घरांत मोडी आहे, पोर्तुगीज आहे, कुणाकडे कानडी आहे. आपल्याला वाचता येत नाही म्हणून कागद मुका नसतो. यंदा माळा झाडताना जुना कागद तराजूत टाकण्यापूर्वी वाचू शकणाऱ्या एखाद्याला तो दाखवा. तो मागायला कोण, कुठून आणि कधी येईल, हे आपल्याला कळत नाही. मलाही कळले नव्हते.