दोन लाडवांतून दहा

माझी भाची इंदूरला आठवीत शिकते, मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. गणित अडलं की ती मला व्हिडिओ कॉल करते. करायची, असं म्हणायला हवं. परीक्षेच्या आदल्या दिवशी तिनं अपूर्णांकांचं एक समीकरण विचारलं आणि मी मीटिंगला जाता जाता सांगून टाकलं, "सोपं आहे गं! छेदांचा लसावि काढ, सगळ्या एक्सना त्यानं गुण, छेद गायब." पेपरात गुण गेले, हे ताईकडून कळलं. भाची काही बोलली नाही. फक्त फोन थांबले.

दिवाळीला घरी गेलो. आई बेसनाचे लाडू डब्यात भरत होती. मी भाचीला म्हटलं, "डब्यातले एक तृतीयांश शेजारी दिले, एक चतुर्थांश आजीच्या भिशीला, उरले दहा. आधी किती होते?"

तिनं लिहिलं: क्ष/३ + क्ष/४ + १० = क्ष.

"आता तुझ्या रीतीनं करते हं," असं म्हणून पुढे लिहिलं: ४क्ष + ३क्ष + १० = १२क्ष. क्ष = २.

"मामा, दोन लाडवांतून दहा उरले?"

आई हसली. मी नाही. दहाला बारानं गुणायचं मीच सांगितलं नव्हतं.

मग नीट बसलो. म्हटलं, असे बारा डबे आहेत समज. शेजाऱ्यांकडे गेलेले मिळून चार डबे होतात, भिशीचे तीन डबे. तुकडे संपावेत म्हणूनच तर बारा घ्यायचे. आणि दहा तर प्रत्येकच डब्यात उरलेत.

"म्हणजे १२०! पाच डब्यांत १२०, एकात २४." मग स्वतःच पडताळून पाहिलं: ८, ६ आणि १०.

"तेव्हा मी चुकीचं सांगितलं होतं," मी म्हणालो.

"माहितेय. पेपर मिळाला तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू मीटिंगमध्ये असतोस ना."

निघताना तिला भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तलं, म्हणजे ११५० सालचं, भुंग्यांचं गणित लिहून दिलं. थव्यातले एक पंचमांश कदंबावर गेले, एक तृतीयांश शिलींध्राच्या फुलांवर, या दोन्हींतल्या फरकाच्या तिप्पट कुटजावर. एक भुंगा हवेतच घिरट्या घालत राहिला. एकूण किती?

बस सेंधव्याला चहाला थांबली तेव्हा फोन वाजला.

"मामा, मीटिंग नाही ना? उत्तर पंधरा. पण लसावि पण पंधराच आहे. असं का?"

चहा तसाच ठेवून मी कागद शोधायला लागलो.