ओवाळणी

भाऊबीजेच्या तबकात काय पडणार, याची उत्सुकता नाही अशी बहीण मी अजून पाहिलेली नाही. आमच्या आजीच्या वेळी तबकात चांदीचा रुपया पडे आणि पडताना तो खणखणीत वाजे. आईच्या वेळी खण आला, मग पाकीट आले. आता तर भाऊ पाटावर बसल्याबसल्या मोबाईलवर बोट फिरवतो आणि पैसे मुळीच आवाज न करता बहिणीच्या खात्यात जाऊन पडतात. मी महाविद्यालयात मराठी शिकवते. साहजिकच ओवाळणीत पुस्तके मागून घ्यायची माझी जुनी खोड. "ताई, यंदा कोणतं पुस्तक?" असे माझा धाकटा भाऊ विचारी आणि माझी यादी दसऱ्यापासूनच तयार असे.

२०२२ सालच्या भाऊबीजेला मात्र मी पुस्तक मागितले नाही. जे मागितले ते त्याने दिले, आणि त्या ओवाळणीपायी तो मरता मरता वाचला. ही हकीगत घराबाहेर सांगावी की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. शेवटी त्यालाच विचारले. तो म्हणाला, "लिही. नाव तेवढं घालू नकोस." म्हणून लिहिते आहे.

आमचे घर चारचौघांसारखेच. वडील बँकेत, आई घरी, मुंबईच्या उपनगरातल्या तीन खोल्या. संध्याकाळी देवापुढे दिवा लागे आणि परवचा झाल्याशिवाय पान वाढले जात नसे. अशा घराच्या उंबऱ्याशी व्यसन अडखळते, अशी आमची ठाम समजूत होती. ते आमच्याकडे आले ते खोकल्याच्या औषधाच्या बाटलीतून. काही औषधांत कोडीन असते, आणि कोडीन हे अफूच्याच कुळातले. भाऊ तेव्हा बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होता. बाटलीवरून तो गर्दच्या पुडीवर गेला, चांदीच्या कागदावरच्या धुरावर गेला आणि धुरावरून सुईवर. आईच्या पाटल्या गेल्या, वडिलांचे घड्याळ गेले, मला एम. ए.ला मिळालेले रुप्याचे पदक गेले. चाळीतली पोरे त्याच्यामागे 'गर्दुल्ला' म्हणून ओरडू लागली. शब्दांवर पोट भरणारी मी. पण या एका शब्दाइतका दुसरा कोणताही शब्द माझ्या वर्मी लागलेला नाही.

तीनदा आम्ही त्याला व्यसन सोडवण्यासाठी दाखल केले. तीनदा तो अंगाने भरून, डोळ्यांत पाणी आणून, आईच्या पायांवर हात ठेवून घरी आला. आणि तीनदा काही महिन्यांतच घसरला. वडील हे पाहतच गेले.

२०१९ साली तो कोणालाही न विचारता एका सरकारी रुग्णालयाच्या आवारातल्या उपचारकेंद्रात जाऊ लागला. तिथे दाखल होऊन राहावे लागत नाही. रोज सकाळी जायचे, रांगेत उभे राहायचे, खिडकीशी नाव सांगायचे. परिचारिका ब्युप्रेनॉर्फिन नावाच्या गोळीची पूड करून जिभेखाली ठेवायला देते. ती गिळायची नाही, गिळली तर तिचा फारसा उपयोग होत नाही. बाकावर गप्प बसायचे, पूड विरघळली की तोंड उघडून दाखवायचे आणि कामाला जायचे. पैसे पडत नाहीत. या एका गोळीवर माझा भाऊ तीन वर्षे उभा होता. त्याला एका छापखान्यात हिशेबाची नोकरी लागली. तो आईला पगार आणून देऊ लागला. त्याच्या दंडावरचे व्रण बुजले. घरातल्या कपाटांच्या किल्ल्या पुन्हा कपाटांनाच लटकू लागल्या.

आता कोणीही म्हणेल की, बहिणीने देवाला साखर ठेवायला हवी होती. पण माझ्या मनात एकच घोळत होते : ही गोळीसुद्धा अफूच्याच कुळातली. तिचे मूळ द्रव्यही खसखशीच्या बोंडातूनच येते. मग सुटले काय? एक अफू गेली, दुसरी आली. तिकडे पुडीवाला होता, इकडे सरकार आहे, एवढाच काय तो फरक! त्यातून एके दिवशी आमच्या प्राध्यापक-कक्षात एका सहकारी बाईंनी सहज म्हणून विचारले, "तुमचे बंधू रोज सकाळी इस्पितळात दिसतात. बरे आहेत ना?" त्या दिवशी माझा तास धड झाला नाही. आज मागे वळून पाहताना कळते, मला भावाची काळजी कमी आणि त्या रांगेची लाज अधिक होती.

भाऊबीजेला तो पाटावर बसला. मी कुंकू लावले, अक्षता टेकवल्या, सुपारी आणि अंगठीने ओवाळले. "ताई, कोणतं पुस्तक?" त्याने विचारले.

"पुस्तक नको. ती गोळी सोड. तीन वर्षं झाली. आता पुरता मोकळा हो. हीच माझी ओवाळणी."

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. कपाळावरच्या अक्षतांतला एक दाणा घरंगळून खाली पडला. मग म्हणाला, "दिली, ताई."

आणि त्याने खरोखरच दिली. डॉक्टरांना न सांगता, मात्रा हळूहळू न उतरवता, आठवड्याभरात गोळी बंद. मग जांभया, नाकाडोळ्यांना पाणी, अंगावर काटा, हाडे कुणी पिळून काढावीत तशी दुखणी, रात्र रात्र झोप नाही. मी आल्याचा काढा करून देत होते आणि मनात म्हणत होते, विष उतरते आहे. पंधरवड्याने तो जरा सावरला. मी साऱ्या नातेवाइकांना अभिमानाने फोन केले.

पाचव्या आठवड्यात रात्री साडेअकराला आमच्या इमारतीच्या रखवालदाराने दार ठोठावले. भाऊ जिन्याच्या वळणावर पडलेला होता. ओठ निळसर, श्वास मोजून घ्यावा इतका संथ. रुग्णालयात नॅलोक्सोनचे इंजेक्शन दिल्यावर त्याने डोळे उघडले. मी बाहेरच्या बाकावर बसून होते आणि माझ्या पदराला अजून फराळाच्या तेलाचा वास येतो आहे, असा उगीच भास होत होता.

दोन दिवसांनी आम्ही दोघे केंद्रातल्या डॉक्टर बाईंसमोर बसलो. त्यांनी विचारले, "गोळी कोणी बंद केली?"

मी तोंड उघडणार इतक्यात भाऊ म्हणाला, "मीच. रोज रोज यायचा कंटाळा आला होता."

त्या क्षणी मला जेवढे लहान वाटले तेवढे जन्मात वाटले नव्हते. मी म्हणाले, "नाही, डॉक्टर. मी बंद करायला लावली. ओवाळणीत मागून घेतली."

बाई रागावल्या नाहीत. टेबलावरच्या कुलपाकडे बोट दाखवून त्या सांगू लागल्या, "अफूच्या कुळातल्या द्रव्यांसाठी मेंदूत अशी कुलपं असतात, असं समजा. गर्दची किल्ली त्यांत पुरती फिरते. त्यातून नशा येते आणि श्वासही मंदावतो. आमच्या गोळीची किल्ली कुलपात घट्ट बसते, पण अर्धीच फिरते. तलफ भागते, अंग दुखत नाही, माणूस आपल्या कामाला लागतो. आणि ती बसलेली असताना दुसरी किल्ली सहजासहजी आत जात नाही. गर्दचा अंमल काही तासांत उतरतो, हिचा दिवसभर टिकतो. व्यसनी माणसाचा सारा दिवस पुढच्या पुडीच्या शोधात जातो. यांचा दिवस आम्ही त्यांना परत देतो."

"मग परवा असं कसं झालं?"

"गोळी बंद झाली तशी शरीराची सवय मोडली. तलफ मोडली नाही. यांनी पूर्वीच्याच अंदाजाने मात्रा घेतली, आणि ती आता त्यांच्या शरीराला झेपण्यापलीकडची होती. उपचार चालू असताना मृत्यूचा धोका निम्म्याहूनही कमी असतो. सर्वांत वाईट काळ म्हणजे उपचार सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे. गोळी कधीच सोडायची नाही, असं मी म्हणत नाही. कोणी वर्षा-दोन वर्षांनी सोडतो, कोणी बरीच वर्षं घेतो. पण ते रोग्यानं आणि डॉक्टरांनी मिळून ठरवायचं, पायरी-पायरीनं उतरायचं." जरा थांबून त्या हसल्या. "बहिणीनं ओवाळताना ठरवायचं नाही."

गोळी पुन्हा सुरू करायलाही घाई चालली नाही. अंगातले गर्द उतरून त्रास सुरू झाल्यावरच पहिली मात्रा देता येते. आधी दिली तर ती उलट एकदम त्रास उसळवते. ते तास मी त्याच्या उशाशी काढले.

प्राध्यापकाला चूक कळली की तो ग्रंथालयात जातो. मीही गेले. १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मारी निस्वांडर यांनी हेरॉईनच्या व्यसनात सापडलेल्या रोग्यांना मेथाडोन नावाचे औषध रोज देऊन पाहिले. पुढल्या वर्षी त्यांनी अवघ्या २२ रोग्यांची हकीगत प्रसिद्ध केली. त्यात नशेपेक्षा नोकरीची, शाळेची, घरी परतण्याची बातमी मोठी होती. डोल हे मूळचे चयापचयाच्या विकारांचे अभ्यासक. मधुमेह्याला जसे इन्सुलिन, तसे या रोग्याला हे औषध, अशी त्यांची दृष्टी. फ्रान्समध्ये १९९६ पासून साधे घरगुती डॉक्टरही ब्युप्रेनॉर्फिन लिहून देऊ लागले, आणि १९९५ ते १९९९ या काळात तिथले अतिमात्रेने होणारे मृत्यू जवळजवळ चार-पंचमांशाने उतरले. २००५ साली जागतिक आरोग्य संघटनेने ही दोन्ही औषधे आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. आपल्याकडे २०१९ साली केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या पाहणीत शंभरातली दोन माणसे अफूच्या कुळातले काही ना काही घेणारी आढळली. म्हणजे सव्वादोन कोटींच्या आसपास. त्यांतला एक आमच्या देवघरापुढे परवचा म्हणत मोठा झाला होता.

हे सगळे वाचून घरी आले तर आई नेहमीप्रमाणे थायरॉईडची गोळी घेत होती. गेली बावीस वर्षे सकाळी उठल्यावर रिकाम्या पोटी ती गोळी, मग अर्ध्या तासाने चहा. गोळीची बाटली तिने मिसळणाच्या डब्याशेजारी ठेवलेली असते. एखादे दिवशी विसरली तर सारे घर तिच्यावर ओरडते. बावीस वर्षांत मी तिला एकदाही म्हटलेले नाही, "आई, यंदाच्या दिवाळीला ही गोळी सोड. मोकळी हो."

आणि अफूचे म्हणाल, तर ती आपल्या घरांना नवी थोडीच आहे! आजी सांगे, गिरणगावात पाळीवर जाणाऱ्या बाया तान्ह्या पोराला अफू घातलेली बाळगोळी चाटवून निजवीत. पोर रडू नये, आईला कामावर जाता यावे, म्हणून. त्या गोळीने पोरांचे भले झाले नाही. पण त्या बायांना कोणी पापी ठरवल्याचे आजीच्या बोलण्यात कधी आले नाही. 'वेळच तशी' असे ती म्हणे.

'व्यसन' हा शब्द मी वर्गात कितीदा फळ्यावर लिहिला असेल. संस्कृतात त्याचा एक जुना अर्थ आहे संकट, आपत्ती. मराठीत येता येता तो अर्थ मागे पडला आणि खोड, दुर्गुण तेवढा उरला. संकटात सापडलेल्या माणसाला आपण हात देतो, दुर्गुणी माणसाला उपदेश करतो. मी तीन वर्षे उभ्या असलेल्या भावाला उपदेश केला.

गोळीशिवाय या संकटातून बाहेर आलेली माणसे आहेत, याची मला जाणीव आहे. १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणचे काम कोणता मराठी माणूस विसरेल? ज्याला तो रस्ता मानवला त्याचे कौतुकच आहे. गोळीच्या रस्त्यातही खाचखळगे आहेत. रोजची रांग आहे, बद्धकोष्ठ आहे, परगावच्या लग्नाला जायचे तर आधी परवानगी काढावी लागते. पण कोणत्या रस्त्याने घरी यायचे हे येणाऱ्याला ठरवू द्यावे. घरच्यांनी दार उघडे ठेवावे.

गेली काही भाऊबीज मी सकाळी त्याच्याबरोबर केंद्रात जाते. सण असला तरी ती खिडकी उघडते. तलफेला सुट्टी नसते. रांगेत नवा झब्बा घातलेला एखादा असतो, कालच्याच शर्टातला एखादा असतो. खिडकीतल्या परिचारिकेला सगळे 'सिस्टर' म्हणतात. ती सिस्टर माझ्या भावाला रोज जी गोळी देते, ती सख्ख्या बहिणीने काढून घेतली होती, हे तिला माहीत आहे. तरी ती मला पाहून हसते आणि दिवाळीच्या शुभेच्छा देते.

जिभेखाली पूड ठेवून भाऊ बाकावर येऊन बसतो. त्या पाच-सात मिनिटांत त्याला बोलता येत नाही. मीही बोलत नाही. व्याख्यान देण्याची सवय असलेल्या बाईला ही पाच-सात मिनिटे फार मोठी असतात; पण मी आता त्यांत तरबेज झाले आहे. मग तो उठतो, खिडकीशी जाऊन 'आ' करून दाखवतो, आणि आम्ही रिक्षा करून घरी येतो. आई पाट मांडून, निरांजन लावून वाट पाहत असते.

यंदा पाटावर बसला की तो विचारणारच, "ताई, कोणतं पुस्तक?" यादी माझ्याकडे तयार आहे. चांगली लांबलचक आहे. त्याला अजून पुष्कळ वर्षे पुरेल.