तिसरा फटका

आपल्याकडे तिसऱ्या गोष्टीविषयी दोन पक्ष आहेत. 'तीन तिगाडा, काम बिगाडा' म्हणणारे एकीकडे, आणि तिसरी घंटा झाल्याखेरीज नाटकाचा पडदा वर जाऊ न देणारे दुसरीकडे. माझे मत दुसऱ्या पक्षाला. पहिल्या दोन घंटा म्हणजे नुसती वर्दी. तोवर लोक बटाटेवडा संपवत असतात, कुणी अंधारात आपली खुर्ची चाचपत असतो. तिसरी घंटा झाली, की खरे काय ते सुरू होते. शिवाय दिवाळीच्या दिवसांत वामनाची आठवण व्हायचीच. पहिल्या दोन पावलांत त्याने पृथ्वी आणि स्वर्ग व्यापला. पण पाडव्याला आपल्याला आठवते ते तिसरे पाऊल. कारण 'आता कुठे ठेवू?' हा प्रश्न तिसऱ्याच पावलाला पडला होता.

हे तत्त्वज्ञान मला कीर्तनात सापडले नाही. ते सापडले आमच्या सोसायटीच्या मागच्या अंगणात, पिकलबॉलच्या कोर्टावर.

पिकलबॉल म्हटल्यावर पुष्कळांच्या डोळ्यांपुढे बरणी येते. पण लोणच्याशी या खेळाचा काही संबंध नाही. १९६५ सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या सिॲटलजवळच्या बेनब्रिज नावाच्या बेटावर जोएल प्रिचर्ड आणि बिल बेल हे दोन गृहस्थ घरी परतले, तेव्हा घरची मंडळी कंटाळून बसली होती. अंगणात बॅडमिंटनचे कोर्ट होते, पण खेळाचे सामान पुरेसे नव्हते. मग टेबलटेनिसच्या बॅटी आणि भोकांचा प्लॅस्टिकचा चेंडू घेऊन त्यांनी वेळ मारून नेली. जाळी बॅडमिंटनच्या उंचीची होती, ती खाली आणून ३६ इंचांवर बांधली. बार्नी मॅक्कॅलम नावाचे शेजारी या उद्योगात सामील झाले आणि तिघांनी मिळून नियम केले. मुलांची किरकिर थांबावी म्हणून काढलेला खेळ आता आजीआजोबा खेळतात. बॅडमिंटनला एके काळी 'पूना' म्हणत, हे आम्हा पुणेकरांना कुणी सांगावे लागत नाही. तेव्हा बॅडमिंटनच्या कोर्टावर जन्मलेला हा खेळ नात्याने आमचा भाचा लागतो! भारतात तो आणला मुंबईच्या सुनील वालावलकरांनी. २००८ साली त्याची अखिल भारतीय संघटना उभी राहिली. आता तर सोसायट्यांच्या अंगणांतून सकाळी सहालाच त्याचा टक्-टक् असा आवाज सुरू होतो आणि वरच्या मजल्यावरची उशिरा उठणारी माणसे खिडक्या लावून घेतात.

या खेळातली सारी गंमत दोन नियमांत आहे. पहिला नियम असा, की सर्व्हिसचा चेंडू समोरच्यांनी एक टप्पा पडू देऊनच मारायचा, आणि त्यांनी परतवलेला चेंडू सर्व्हिस करणाऱ्यांनीही टप्पा पडल्यावरच मारायचा. दुसरा नियम असा, की जाळीच्या दोन्ही बाजूंना सात-सात फुटांचा पट्टा आखलेला असतो, त्यात उभे राहून हवेतला चेंडू मारायचा नाही. या पट्ट्याला सारे जग 'किचन', म्हणजे स्वयंपाकघर म्हणते. स्वयंपाकघरात पुरुषांनी उगाच लुडबूड करू नये, हा नियम आमच्या घरात पूर्वीपासून होता; कोर्टावर तो बायकांनाही लागू आहे एवढेच.

आता परिणाम पाहा. सर्व्हिस करणारी जोडी टप्प्याच्या बंधनामुळे मागच्या रेषेपाशी अडकून पडते. समोरची जोडी मात्र चेंडू परतवून आरामात पुढे येते आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर द्वारपालांसारखी उभी राहते. जाळीपाशी उभा असलेला माणूस वरून खाली मारू शकतो. मागे असलेल्याला खालून वर मारावे लागते. म्हणजे सर्व्हिस तुमची, गुण मिळवण्याचा हक्क तुमचा, आणि वरचष्मा मात्र समोरच्यांचा! मागच्या रेषेपासून आपल्या उंबऱ्यापर्यंत पंधरा फुटांचे अंतर असते. ते तोडून बरोबरीला यायचे कसे, हा प्रश्न नेमका तिसऱ्या फटक्याच्या वेळी पडतो. पहिला फटका सर्व्हिसचा, दुसरा तो परतवण्याचा, दोन्ही ठरलेले. निवड करायची असते ती तिसऱ्याला.

हौशी खेळाडू ही निवड करीतच नाही. तो चेंडू आला की हाणतो. आमच्या कोर्टावर रोज सकाळी हेच दृश्य. मागून गोळीसारखा चेंडू सुटतो, पुढे उभा असलेला नुसती बॅट आडवी धरतो, आणि चेंडू आला त्याच वेगाने परत मारणाऱ्याच्या पायांशी जातो. मारणारा म्हणतो, "अरेरे, थोडक्यात हुकला!" हे थोडक्यात हुकणे सकाळी सहापासून आठपर्यंत चालते.

माझ्यापुरता हा नुसता खेळातला प्रश्न नव्हता. माझी भिडू म्हणजे आमची सौ. कॉलेजात असताना ती बॅडमिंटन खेळत असे आणि तिचा स्मॅश नावाजलेला होता. मी बँकेतून निवृत्त झालो, मुलगा-सून परदेशी गेली, आणि दिवसाचे तास एकाएकी लांब झाले. तेव्हा या खेळाने आम्हा दोघांना सकाळचे दीड-दोन तास दिले. चाळीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघांनी मिळून केलेली कामे म्हणजे घराचे हप्ते, मुलाच्या शाळेचे अर्ज आणि दिवाळीत वाती वळणे. मिळून खेळणे असे कधी घडलेच नव्हते.

आणि मग तिचा उजवा गुडघा बोलू लागला. डॉक्टरांनी चित्र काढून पाहिले, कूर्चा झिजली आहे म्हणाले. "खेळणे सोडू नका," त्यांनी सांगितले, "पण उलट पावली धावायचे नाही आणि झटक्याने झेपावायचे नाही." पण हाणामारीच्या खेळात दुसरे असते काय? जोराने मारलेला चेंडू जोरानेच परत येतो आणि माणसाला झेपावायला लावतो. आठवडाभराने ती कोर्टाशेजारच्या बाकावर जाऊन बसली.

"अहो, तुम्ही दुसरा भिडू बघा," ती म्हणाली. "मी इथून बघत जाईन."

बघत जाईन हे शब्द काही मला रुचले नाहीत. बाकावर बसून बघणारी माणसे हळूहळू गॅलरीतून बघू लागतात, आणि मग गॅलरीतही येत नाहीत, हे मी आमच्याच इमारतीत पाहिले आहे.

उपाय होता तो तिसऱ्या फटक्यातच. त्याला 'ड्रॉप' म्हणतात. मागच्या रेषेपासून चेंडू असा हलका उचलायचा, की तो जाळीवरून जाऊन समोरच्यांच्या स्वयंपाकघरात अलगद उतरावा. तिथे उतरलेला चेंडू त्यांना खालून वर घ्यावा लागतो, हाणता येत नाही. पण माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती. हलका चेंडू हवेत जास्त वेळ राहतो. तो जाऊन पडेपर्यंत आणि परत येईपर्यंत मारणाऱ्याला पुढे येण्यास अवधी मिळतो. पंधरा फूट धावायचे नसून चालायचे असतात! बाजारात पैशाने मिळत नाही अशी एकच वस्तू म्हणजे वेळ. तो इथे एका हलक्या फटक्याला मिळत होता.

आम्ही बाकीची मंडळी यायच्या आधी कोर्टावर जाऊ लागलो. सरावाची रीत सोपी आहे, आणि ज्यांना हा फटका साधत नाही त्यांनी ती जरूर करून पाहावी. मागच्या रेषेपासून सुरुवात करायची नाही. आधी दोघांनी जाळीच्या दोन्ही अंगांना उंबऱ्यावर उभे राहायचे आणि एकमेकांच्या स्वयंपाकघरात चेंडू टाकायचा. दहांतले सात नीट पडू लागले, की एकाने तीन पावले मागे जायचे. पुन्हा सात पडले, की आणखी तीन. मागच्या रेषेपर्यंत पोचायला आम्हाला दीड महिना लागला.

आरंभी तिचा हात ऐकेना. स्मॅशची सवय असलेले मनगट ऐन वेळी फिरायचे आणि चेंडू छातीइतका उंच जायचा. एके दिवशी ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "अहो, हे करंजीसारखंच आहे. करंजी वरून टाकली तर तेल अंगावर उडतं. कढईच्या कडेनं अलगद सोडायची." त्या दिवसापासून तिला शिकवण्याचे माझे काम संपले. मनगट गप्प राहिले, हात खांद्यापासून हलू लागला. बॅटीवरची मूठ सैल झाली. चेंडू शरीराच्या पुढे घ्यायचा आणि त्याच्या कमानीचा माथा आपल्याच बाजूला ठेवायचा, म्हणजे जाळी ओलांडताना तो उतरणीला लागलेला असतो, हेही तिने कढईवरूनच ओळखले असावे.

हिशेबाची बाजू माझ्याकडे. शेवटी मी बँकेतला माणूस. जाळी कडेला ३६ इंच उंच असली, तरी मधोमध ३४ इंच असते. कोर्ट ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद. म्हणजे कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत ४८ फुटांहून थोडे अधिक होतात. तिरका मारलेला चेंडू साधारणपणे जाळीच्या सखल भागावरून जातो आणि त्याला उतरायला चार फूट जागा जास्त मिळते. इतके व्याज कोण सोडील? आणखी एक. चूक व्हायचीच असेल, तर ती जाळीत होण्यापेक्षा थोडी उंच झालेली बरी. जाळीत गेलेला चेंडू तिथेच संपला. उंच गेलेला समोरच्याला निदान मारावा तरी लागतो, आणि मारणारा चुकतोही.

याचा अर्थ प्रत्येक तिसरा फटका हलकाच मारावा असा नाही. तसे केले, तर समोरचे चार दिवसांत ओळखतात. समोरून आलेला चेंडू आखूड आणि उंच असेल, तर पुढे होऊन दोघांच्या मधल्या फटीत जोराने मारावा. 'तुझा की माझा' या विचारात पुष्कळ संसारी जोड्या चेंडू सोडून देतात. चेंडू मागच्या रेषेशी खोल आला आणि आपला तोल गेलेला असला, तर नाजूकपणाच्या भानगडीत न पडता तो मध्ये खाली ठेवून मारावा आणि अलगद टाकण्याचे काम पाचव्या फटक्यावर सोपवावे. चेंडू किती खोल आला, किती उंच आहे आणि आपले पाय स्थिर आहेत का, एवढे तीन प्रश्न पुरतात.

राहिला दुसरा भिडू. फटका एकाचा असला, तरी पुढे जायचे असते दोघांनी. पुष्कळ जोड्यांत मारणारा आपल्या फटक्याकडे कौतुकाने बघत मागेच राहतो आणि भिडू एकटा पुढे पळतो. मधे मैदान मोकळे! म्हणून ती मारते तेव्हा मी चेंडूकडे पाहत नाही, समोरच्याच्या बॅटीकडे पाहतो. बॅट खाली गेली, की "चल" म्हणतो, वर गेली, की "थांब." तो मारतो त्या क्षणी दोघेही जिथे असू तिथे पाय रोवून उभे. एका दमात उंबरा गाठलाच पाहिजे असे नाही. पाचव्या, सातव्या फटक्यालाही तो गाठता येतो. या ओरडण्याविषयी तिचे मत तिने सर्वांसमक्ष सांगितले. "चाळीस वर्षांत हे पहिल्यांदाच मला वेळेवर काही सांगतायत."

गणपतीनंतरच्या रविवारी आम्ही पुन्हा सामना खेळलो. समोर दुसऱ्या मजल्यावरचे दोघे भाऊ, इंजिनीअरिंगचे विद्यार्थी, चेंडू दिसला की तुटून पडणारे. पहिले काही चेंडू त्यांनी तिच्या अंगावर मारले. तिने मागच्या रेषेवरून एक तिरका, आळसावल्यासारखा चेंडू टाकला. तो धाकट्याच्या पायांशी बसला. त्याने वाकून कसाबसा उचलला, तोवर ती चालत, अगदी भाजीला निघाल्यासारखी चालत, उंबऱ्यावर येऊन उभी होती. उरलेले काम तिच्या जुन्या मनगटाने केले.

"काकू, हे चीटिंग आहे!" धाकटा कळवळून म्हणाला.

आम्ही तो डाव अकरा-नऊ असा हरलो. गोष्टीत अशा ठिकाणी जिंकण्याची पद्धत आहे, पण विशीतल्या पायांपुढे साठीतल्या पायांनी नऊ गुण मिळवणे माझ्या खतावणीत जमेच्या बाजूला पडते. त्याहून मोठी जमा ही, की डाव संपल्यावर ती बाकावर गेली ती फक्त पाणी प्यायला. गुडघा आजही कुरकुरतो. तो बरा होणारा नाही हे आम्हा दोघांना ठाऊक आहे. पण त्याला न दुखवता पंधरा फूट पुढे जाण्याची वाट आम्हाला सापडली आहे, आणि त्या वाटेवर आम्ही रोज सकाळी सात-आठ वेळा तरी बरोबर चालतो. वेगाने धावण्याचे दिवस गेले, की माणसाला वाटते, खेळच गेला. खरे म्हणजे गेलेला असतो तो फक्त एक फटका.

भाऊबीजेला माझे मेहुणे यायचे आहेत. नाशिकला त्यांनीही हा खेळ सुरू केला आहे आणि आपण किती जोरात मारतो याचे वर्णन ते फोनवर अर्धा अर्धा तास करतात. ओवाळणी झाल्यावर एक डाव टाकायचा असे ठरले आहे. मी तिला सावध करायला गेलो, तर ती करंज्या तळत होती. कढईवरची नजर न काढता ती म्हणाली, "दादा मारू दे की जोरात. चेंडू येईल तर माझ्याकडेच ना?"