बोल्टनचं इंजिन

इंग्लंडमधल्या बोल्टन गावी क्रूक स्ट्रीटवर आज सेन्सबरीजचं मोठं सुपरमार्केट आहे. पुढे गाड्या लावायला ऐसपैस जागा, आत दूध, पाव, भाजी, फुलं. १८३३ पासून २००२ पर्यंत, म्हणजे १६९ वर्षं, याच जागेवर सोहो आयर्नवर्क्स होतं. तिथे लोखंड वितळायचं, साच्यांत ओतलं जायचं, लेथवर चढायचं, आणि लँकेशायरच्या सूतगिरण्या ज्यांच्या जोरावर चालल्या ती वाफेची इंजिनं तिथून बाहेर पडायची. कारखान्याचं नाव आधी बी. हिक अँड सन, पुढे हिक हारग्रीव्ह्ज. मुंबईच्या गिरणगावात वाढलेल्या माणसाला ही हकीकत परक्याची वाटत नाही. परळ-लालबागच्या गिरण्या उभ्या राहिल्या त्या याच मुलखातून आलेल्या यंत्रांवर. साचे ओल्डहॅमचे, इंजिनं लँकेशायरची आणि माणसं रत्नागिरी-साताऱ्याची, असा तो संसार होता.

बेंजामिन हिक मूळचा लीड्सचा. मॅथ्यू मरे या नामांकित इंजिनकर्त्याच्या कारखान्यात तो शिकला, बोल्टनला आला, दुसऱ्यांच्या कारखान्यात भागीदार झाला आणि त्रेचाळिसाव्या वर्षी मुलांना बरोबर घेऊन त्याने स्वतःची ओतशाळा घातली. त्या काळचे कारखानदार हिशेबी होते, पण त्यांना हौसही दांडगी होती. लीड्सला जॉन मार्शलने १८४० च्या सुमारास अळशीच्या धाग्याची जी टेंपल मिल उभारली, तिचा दर्शनी भाग इजिप्तच्या देवळासारखा होता. तिथलं इंजिन हिकने केलं, आणि तेही इजिप्ती घाटाचं. सुताला त्याने काही फरक पडणार नव्हता. तरीही ज्या यंत्राने शेकडो माणसांचं पोट भरायचं, ते डोळ्यांना सुंदर दिसलं पाहिजे असं त्या लोकांना मनापासून वाटत असे. माझं त्या काळाशी नातं जुळतं ते इथे.

हिक १८४२ मध्ये वारला. मुलगा जॉन याने कारखाना वाढवला, पुढे तो बोल्टनचा खासदार झाला आणि कारभार हारग्रीव्ह्ज मंडळींकडे गेला. पण कारखान्याचं खरं नाव झालं ते १८६० च्या दशकात, आणि त्यामागे विल्यम इंग्लिस नावाचा इंजिनिअर होता. अमेरिकेत जॉर्ज कॉर्लिसने १८४९ मध्ये इंजिनाच्या झडपांच्या एका नव्या रचनेचं पेटंट घेतलं होतं. इंग्लिसने ती रचना बोल्टनमध्ये आणून रुजवली.

ही रचना समजून घेण्यासारखी आहे. जुन्या इंजिनात वाफ आत घेणारी आणि बाहेर सोडणारी वाट बहुधा एकाच सरकत्या झडपेच्या हातात असे. वेग वाढला की मुख्य नळीतून येणारी वाफ आवळायची, कमी झाला की मोकळी सोडायची. यात वाफेचा दाब वाया जाई, कोळसा जास्त लागे आणि वेग डगमगे. कॉर्लिसने प्रत्येक सिलिंडरला चार स्वतंत्र झडपा दिल्या, दोन आत घ्यायच्या आणि दोन बाहेर सोडायच्या. आत घेणारी झडप ठरल्या क्षणी खटकन मिटे आणि कोंडलेली वाफ स्वतः फुगत दट्ट्याला पुढे रेटत राही. ती नेमकी कधी मिटायची, हे इंजिनाच्या वेगावर नजर ठेवणारा गव्हर्नर प्रत्येक फेऱ्याला ठरवी. शंभर साचे एकदम बंद पडोत की सुरू होवोत, इंजिनाची चाल बदलत नसे.

बोल्टनला याचं महत्त्व इतर गावांपेक्षा जास्त होतं. सॅम्युअल क्रॉम्प्टनने १७७९ मध्ये आपलं सूत कातायचं म्यूल यंत्र याच गावच्या शिवारात तयार केलं होतं, आणि तेव्हापासून गावाने बारीक सुताचं नाव कमावलं होतं. इजिप्तचा लांब धाग्याचा कापूस, हवेतला ओलावा आणि पिढीजात हात, सगळं होतं. पण बारीक सूत ताण सहन करत नाही. इंजिनाने जरा हिसका दिला की वरच्या मजल्यापर्यंत शेकडो धागे तुटायचे, आणि ते जोडायला अनवाणी पोरं यंत्राखालून धावायची. एकसारखी चाल म्हणजे चांगलं सूत, आणि चांगलं सूत म्हणजे गावाचा पोटापाण्याचा धंदा. झडपा मिटण्याच्या त्या खटक्यावर एवढं अवलंबून होतं.

त्या इंजिनघराचा थाट आज कुणाला सांगून पटणार नाही. गिरणीत कापसाचा फुफाटा, साच्यांचा असा आवाज की कामगार बायका एकमेकींच्या ओठांच्या हालचालीवरून बोलणं ओळखत. पण इंजिनघरात टाइल लावलेल्या भिंती, चकचकीत पितळ, पुसून काढलेली फरशी. तिथला माणूस पोटचं मूल सांभाळावं तसं इंजिन सांभाळायचा. कुठलं बेअरिंग तापतंय हे त्याला हात लावण्याआधी वासावरून कळे. रॉचडेलजवळच्या एलेनरोड गिरणीच्या जोडइंजिनांची नावं व्हिक्टोरिया आणि अलेक्झांड्रा. ती जोडी ३००० अश्वशक्तीची, तिचं फ्लायव्हील ८० टनांचं. त्याच्या खाचांतून सुती दोर निघून प्रत्येक मजल्यावरच्या दांड्याला फिरवायचे. कापसाचे दोर कापसाची गिरणी ओढत होते! ते इंजिन हिकचं नव्हे, रॉचडेलच्याच जॉन पेट्रीचं. बर्नलीजवळच्या क्वीन स्ट्रीट मिलचं ५०० अश्वशक्तीचं इंजिन नेल्सनच्या विल्यम रॉबर्ट्सचं. त्याचं नाव पीस. गावोगावी असे इंजिनकर्ते होते आणि ते एकमेकांची कामं डोळ्यांत तेल घालून पाहत.

एक इंजिन बसलं की ते साठ, सत्तर, ऐंशी वर्षं त्याच जागी फिरत राही. एलेनरोडचं १८९२ मध्ये बसलं आणि थांबलं १९७५ मध्ये. आज घरातला फ्रिज दहा वर्षं टिकला तर आपण त्याचं कौतुक करतो. पूर्वीचं सगळं चांगलं होतं असं मात्र मी म्हणणार नाही. त्याच इंजिनाच्या चालीशी जुळवून घेत दहा-बारा वर्षांची पोरं अर्धा दिवस गिरणीत आणि अर्धा दिवस शाळेत काढत होती, आणि ही पद्धत विसाव्या शतकातही चालू होती. चिमण्यांच्या धुराने दगडी घरं काळी पडली होती. वर्षातून एकदा सगळं गाव सुट्टीवर ब्लॅकपूलच्या समुद्रावर जाई, बॉयलर थंड होत, आणि तेव्हा कुठे मागे राहिलेल्यांना भोवतालच्या टेकड्या स्वच्छ दिसत. शिवाय त्या इंजिनांना चारा पुरवणारा कापूस आधी अमेरिकेतल्या गुलामांनी वेचलेला होता. १८६१ च्या यादवी युद्धाने तो अडला तेव्हा लँकेशायरमध्ये चुली विझल्या आणि मुंबईत कापसाच्या पैशाचा पूर आला, जो १८६५ मध्ये ओसरला तेव्हा कित्येक पेढ्या बुडाल्या. लँकेशायरमधली मंदी आणि आपल्या फोर्टातली तेजी ही एकाच घटनेची दोन टोकं होती.

मग वीज आली. आपल्याकडे टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाने १९१५ मध्ये खोपोलीहून मुंबईच्या गिरण्यांना वीज द्यायला सुरुवात केली. लोणावळ्याच्या तलावांत साठलेला सह्याद्रीचा पाऊस घाटाखाली कोसळू लागला, आणि इंग्लंडहून जहाजाने आलेली इंजिनं एकामागून एक थांबली. लँकेशायरमध्येही पहिल्या महायुद्धानंतर नव्या गिरण्यांची मागणी आटली. बोल्टनमधलाच मस्ग्रेव्हचा मोठा कारखाना बंद पडला. हिक हारग्रीव्ह्ज मात्र टिकला, आणि कसा टिकला ते पाहण्यासारखं आहे. वाफ काम करून बाहेर पडली की तिला थंड करून पाणी करायचं, म्हणजे मागे पोकळी उरते आणि तीही दट्ट्याला ओढते. ही निर्वात पोकळी राखण्यात कारखान्याचा हात बसलेला होता. त्याच कसबावर त्यांनी वीजकेंद्रांसाठी कंडेन्सर आणि पुढे उद्योगांसाठी निर्वात यंत्रणा केल्या. ज्या विजेने गिरणीतलं इंजिन बंद पाडलं, त्या विजेच्या घरात हिकचे कारागीर कामाला लागले. नव्या काळात त्यांनी आपली जागा स्वतःच्या हुन्नरावर मिळवली, याचा मला फार आदर वाटतो.

२००१ मध्ये बीओसी या मोठ्या कंपनीने कारखाना विकत घेतला आणि पुढच्याच वर्षी क्रूक स्ट्रीटची जागा रिकामी झाली. त्याआधीच गावाचा चेहरा बदलला होता. १९६० च्या दशकात गिरण्यांच्या रात्रपाळ्या भरायला गुजरातेतून माणसं आली आणि बोल्टनचीच झाली. मग त्या गिरण्याही गेल्या. क्वीन स्ट्रीट मिलमध्ये पीसने वाफेवर साचे चालवणं थांबवलं ते १९८२ मध्ये. त्याच वर्षीच्या १८ जानेवारीला मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. या दोन घटनांत कारणांचं नातं नाही, पण लालबागच्या माणसाला ते साल वाचताना थांबावंच लागतं.

लँकेशायरमध्ये जे उरलं ते लोकांनी राखलं. नॉर्दर्न मिल इंजिन सोसायटी १९६६ मध्ये स्थापन झाली. भंगारात चाललेली इंजिनं सभासदांनी सुटी करून उचलली, साफ केली, पुन्हा जोडली. आज ती बोल्टनच्या अ‍ॅटलस मिलच्या जुन्या कापूसगोदामात पाहायला मिळतात, आणि ठरावीक दिवशी वाफेवर चालतात. हिक हारग्रीव्ह्जचं १८८६ सालचं एक इंजिन भर बाजारपेठेत, ऑक्सफर्ड स्ट्रीटवर उभं आहे. त्याच्याजवळ फ्रेड डिब्ना यांचा पुतळा आहे. धुराड्यांवर चढून त्यांची डागडुजी करणारा, आणि नाइलाज झाला की तीच धुराडी पाडणारा हा बोल्टनचा कारागीर दूरचित्रवाणीमुळे देशभर लाडका झाला. गावाने त्याचा पुतळा इंजिनाजवळ उभारला हे मला फार योग्य वाटतं.

आपल्याकडे फिनिक्स मिलचं धुराडं मॉलच्या मधोमध उभं आहे. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर वस्त्रोद्योगाचं संग्रहालय करण्याचं काम महापालिकेने हाती घेतलं आहे. तिथे साचे, चात्या, जुने फोटो असतीलच. माझं मागणं एवढंच की एक दालन इंजिनखात्याला द्यावं. त्यात एक तरी इंजिन फिरतं असावं, त्यावर घडवणाऱ्या कारखान्याचं आणि गावाचं नाव असावं. आणि शेजारच्या भिंतीवर ते चालवणाऱ्या आगवाल्यांची, तेलवाल्यांची, फिटरांची नावं असावीत. गिरण्यांच्या हजेरीपटांत आणि घराघरांतल्या म्हाताऱ्यांच्या आठवणीत ती अजून सापडतील. हे काम लवकर व्हायला हवं, कारण ती म्हातारी माणसं आता थोडी राहिली आहेत.